संग्राहकांचे घड्याळ

गोंदिया शहर ८०.२ अंश पूर्व रेखांशाच्या जवळपास आहे. भारतीय प्रमाणवेळेची रेषा ८२.५ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटे हा हिशोब सातवीचा विद्यार्थीही करील. त्याप्रमाणे गोंदियाची खरी स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे ९ मिनिटे मागे आहे. मुंबईची स्थानिक वेळ तब्बल ३९ मिनिटे मागे आहे. म्हणजे आज आपण सारे जे घड्याळ पाहतो ते महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबईकरांपेक्षा गोंदिया-गडचिरोलीकरांचे अधिक आहे. सूर्याला विचारले तर तो याला दुजोराच देईल.

रेखांशाची आणखी एक गंमत आहे आणि ती इतिहासातली आहे. मद्रासची जुनी वेधशाळाही जवळजवळ याच रेखांशावर, म्हणजे ८० अंश १५ कलांच्या आसपास होती. जॉन गोल्डिंगहॅम या खगोलशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये तेथील रेखांश मोजून मद्रासची वेळ ग्रिनिचच्या सुमारे ५ तास २१ मिनिटे पुढे असल्याचे निश्चित केले. पुढे आगगाडी आली. प्रत्येक गावाची वेळ वेगळी ठेवून गाड्यांचे वेळापत्रक छापणे अशक्य होते. मुंबईची वेळ एका टोकाची, कलकत्त्याची दुसऱ्या टोकाची. मद्रासची दोहोंच्या मधली. शिवाय तेथे वेधशाळा होती आणि तारेने रोज वेळ कळवण्याची सोय होती. म्हणून १८७० च्या सुमारास हिंदुस्थानातील रेल्वेने मद्रास वेळ स्वीकारली.

१८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे मीटरगेज लोहमार्ग गेला. मग बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केला व १८९१ पर्यंत नागपूर थेट आसनसोलशी जोडले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी सातपुड्यातून जबलपूरकडे नॅरोगेज फाटा निघाला आणि गोंदिया जंक्शन झाले. या स्टेशनात वेळापत्रकाची मद्रास वेळ आणि डोक्यावरच्या सूर्याची सरासरी वेळ यांत फक्त काही सेकंदांचा फरक होता! मुंबईच्या प्रवाशाला रेल्वेची वेळ गाठण्यासाठी आपल्या घड्याळात अर्धा तास मिळवावा लागे. गोंदियाच्या माणसाला काहीच करावे लागत नसे. १९०६ च्या १ जानेवारीपासून भारतीय प्रमाणवेळ अधिकृत झाली आणि हा योग संपला. मुंबईने मात्र आपली ‘मुंबई वेळ’ नंतरही कित्येक वर्षे हट्टाने सांभाळली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

रेल्वेमुळेच सामान्य माणसाला मिनिटाची जाणीव झाली. ‘प्रहर’, ‘घटका’, ‘दिवस कासराभर वर आला’ या मापांनी शेती चालते, गाडी चालत नाही. गार्ड व स्टेशनमास्तर यांना खिशातले घड्याळ हे हत्यारासारखे आवश्यक झाले. ही घड्याळे आपल्याकडे आली ती बहुधा मुंबईमार्गे. फाव्र-ल्यूबा ही स्विस कंपनी १८६५ पासून हिंदुस्थानात व्यापार करू लागली. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८० च्या दशकात मुंबईतच उभी राहिली. नाव लंडनच्या भागाचे, माल स्वित्झर्लंडचा आणि गिऱ्हाईक हिंदी, अशी ती तिहेरी गाठ होती. तिचे ‘सोवार’, म्हणजे स्वार, हे घड्याळ फौजेत व पेन्शनरांत फार लोकप्रिय होते. धक्क्यापासून घड्याळ वाचवणारी इन्काब्लॉक योजना १९३० च्या दशकात निघाली. ती सर्वांत आधी वापरणाऱ्यांत वेस्ट एंडची गणना होते.

पण त्या काळच्या घड्याळाला धक्क्यापेक्षाही मोठा शत्रू होता, तो म्हणजे विदर्भाचा उन्हाळा. हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण पुढे संग्राहक ज्या कौशल्यासाठी लाखो रुपये मोजतात त्याचे मूळ येथे आहे.

किल्लीच्या घड्याळात एक चाक सतत मागेपुढे झोके घेत असते. त्याला बॅलन्स चक्र म्हणतात. लंबकाला जसे गुरुत्वाकर्षण परत आणते, तसे या चक्राला एक केसासारखी बारीक गुंडाळलेली कमान, म्हणजे हेअरस्प्रिंग, परत आणते. ही युक्ती ख्रिस्तियान हायगेन्सने १६७५ मध्ये अमलात आणली (रॉबर्ट हूकनेही तिच्यावर हक्क सांगितला आणि तो वाद बराच रंगला). झोक्याचा आवर्तकाल चक्राच्या जडत्व-आघूर्णावर आणि कमानीच्या ताठपणावर अवलंबून असतो. आता पोलाद तापले की त्याची स्थितिस्थापकता कमी होते, कमान सैल पडते, झोका लांबतो आणि घड्याळ मागे पडते. साध्या पोलादी कमानीचे, काहीही उपाय न केलेले घड्याळ दर अंश सेल्सिअसला दिवसाकाठी सुमारे १० सेकंद मागे पडते. जानेवारीच्या १५ अंशांत बरोबर लावलेले घड्याळ मेमध्ये ४० अंशांच्या खोलीत टेबलावर ठेवले तर २५ अंशांचा फरक पडला, म्हणजे रोज ४ मिनिटांहून अधिक चूक. सिंगल लाइनवर समोरून गाडी येत असताना ४ मिनिटे ही थोडी गोष्ट नव्हे.

यावर पहिला उपाय म्हणजे पितळ व पोलाद जोडून केलेले, कडेला चिरलेले चक्र. तापले की त्याची कड आत वळते, जडत्व-आघूर्ण घटते आणि कमानीच्या सैलपणाची भरपाई होते. दुसरा आणि अधिक सुंदर उपाय धातुशास्त्राने दिला. स्विस घड्याळवाल्यांच्या घराण्यात जन्मलेल्या शार्ल एद्वार गीयोम यांनी निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवर वर्षानुवर्षे काम करून तापमानाने जवळजवळ न बदलणारे ‘इन्वार’ आणि ‘एलिन्वार’ तयार केले. १९२० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आइन्स्टाइनच्या आदल्या वर्षीचे हे पारितोषिक मिश्रधातूला कसे दिले, असा प्रश्न आजही काही जण विचारतात. गोंदियाच्या स्टेशनमास्तराने तो विचारला नसता.

मनगटावर घड्याळ बांधणे आधी स्त्रियांचा दागिना समजले जाई. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालायला वेळ नव्हता, तेव्हापासून पुरुषांचा संकोच गेला. आपल्याकडच्या घोडदळी अधिकाऱ्यांनी या इतिहासात एक प्रकरण लिहिले आहे. पोलो खेळताना घड्याळाची काच फुटे. १९३०-३१ च्या सुमारास हिंदुस्थानातील अशा खेळाडूंनी तक्रार केली म्हणून स्वित्झर्लंड-फ्रान्समध्ये ‘रेव्हर्सो’ हे घड्याळ निघाले, असे सांगितले जाते. मार्च १९३१ मध्ये त्याच्या पेटंटचा अर्ज झाला. याची चौकट बाजूला सरकवून उलटी करता येते. काच आत आणि पोलादी पाठ बाहेर. त्या पाठीवर संस्थानिकांनी मीनाकारीची चित्रे करून घेतली. क्रीडासाहित्य म्हणून जन्मलेली वस्तू पाच वर्षांत दागिना झाली होती!

स्वातंत्र्यानंतर देशी घड्याळ आले. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला मनगटी घड्याळे बनवण्यास सुरुवात केली. पहिल्या घड्याळांचे प्रकाशन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कांचन’, ‘कोहिनूर’ ही नावे चाळिशीपुढच्या वाचकांना सांगावी लागणार नाहीत. अंधांसाठी ब्रेल घड्याळही या कारखान्याने काढले. लग्नात जावयाला, नोकरीतून निवृत्त होणाऱ्याला, बोर्डाच्या परीक्षेत चमकणाऱ्याला एचएमटी मिळे. जनताच्या पोटातले मशीन १७ खड्यांचे, ताशी १८,००० ठोक्यांचे, म्हणजे सेकंदाला ५. दिवसाला ४,३२,००० ठोके झाले. वीस वर्षांचे ठोके मुलांना काढायला सांगावेत. उत्तर तीनशे कोटींच्या वर जाते. एवढे घर्षण सोसायचे म्हणून टेकू माणकाचे. ही माणके खाणीतली नसून प्रयोगशाळेत वाढवलेली ॲल्युमिनियम ऑक्साइडची स्फटिके असतात. ‘घड्याळात हिरे आहेत’ ही समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते, म्हणून हा खुलासा.

मग १९६९ चा नाताळ आला. जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर रोजी ‘ॲस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला ठेवले. पुढे रूढ झालेल्या क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ कंपने करतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात. पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. दिवसाला दहा-वीस सेकंदांची चूक चांगल्या किल्लीच्या घड्याळाला माफ असे. क्वार्ट्झची तेवढी चूक महिन्याला होते. स्विस घड्याळधंद्यातील सुमारे ९०,००० कामगार पंधराएक वर्षांत ३०,००० वर आले. आपल्याकडे टायटनने १९८७ पासून होसूरची क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आणली आणि एचएमटीचा उतार सुरू झाला. एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये केला.

विज्ञानाच्या दृष्टीने किल्लीच्या घड्याळाची गोष्ट येथे संपायला हवी होती. अधिक अचूक, अधिक स्वस्त साधन आले की जुने साधन जाते. लॉगॅरिथमची कोष्टके आणि स्लाइडरूल अशीच गेली. स्लाइडरूलसाठी कोणी करोडो रुपये मोजत नाही. घड्याळासाठी मोजतात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाच्या एका धर्मादाय लिलावात पाटेक फिलिप कंपनीचे एकच एक, पोलादी पेटीचे घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेले. सोन्याचे नव्हे, पोलादाचे! कंपनीच्या त्या जातीची बाकीची घड्याळे मौल्यवान धातूंची, म्हणून पोलादी दुर्मीळ. तबकडीवर इंग्रजीत ‘हे एकच’ अशा अर्थाचे शब्द होते. अचूकतेत हे घड्याळ फुटपाथवरच्या दोनशे रुपयांच्या क्वार्ट्झपुढे हरेल. स्विस प्रमाणसंस्था किल्लीच्या उत्तम मशीनला रोज ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट देते. तेव्हा हा पैसा वेळ पाहण्यासाठी नाही, हे उघड आहे. कशासाठी आहे?

याचे एक उत्तर कौशल्य हे आहे आणि ते आम्हांला पटते. अब्राहम-लुई ब्रेगे याने १८०१ मध्ये ‘तुर्बियाँ’चे पेटंट घेतले. खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळात गुरुत्वाकर्षणामुळे येणारी चूक टाळण्यासाठी त्याने बॅलन्स चक्र आणि एस्केपमेंट एका पिंजऱ्यात बसवून तो पिंजरा हळूहळू फिरता ठेवला. त्याच ब्रेगेचे १६० क्रमांकाचे घड्याळ १७८३ मध्ये फ्रान्सच्या राणीसाठी मागवले गेले आणि १८२७ मध्ये पूर्ण झाले. तोवर राणी गिलोटिनवर जाऊन ३४ वर्षे झाली होती आणि ब्रेगेही हयात नव्हता. १९८३ मध्ये ते जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेले आणि २० हून अधिक वर्षांनी परत मिळाले. त्यात सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतील फरक दाखवणारा काटा आहे. हा फरक गोंदियाच्या शाळेच्या अंगणात एका काठीने मोजता येतो. सरासरीने तेथे सावली सर्वांत आखूड होते ती १२ वाजून ९ मिनिटांनी. पण नोव्हेंबरच्या आरंभी ती ११.५३ लाच होते आणि फेब्रुवारीच्या मध्यास १२.२३ ला. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला, म्हणून हे घडते. आजही अतिमहाग घड्याळांत हा काटा मिळतो. काठी फुकट मिळते.

दुसरे उत्तर दुर्मीळता, आणि येथे आमचे मन तितके मोकळे नाही. दुर्मीळता दोन प्रकारची असते. एक आपोआप येते. अभिनेता पॉल न्यूमन याचे रोलेक्स २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरवर गेले. त्या नमुन्याची वेगळी तबकडी विक्रीच्या काळात फारशी कुणाला आवडली नव्हती, म्हणून थोडी विकली गेली, म्हणून आज थोडी उरली आहेत. टपाल तिकिटे जमवणाऱ्या शिक्षकांना १८५४ च्या चार आणे तिकिटावरील राणीचे उलटे डोके आठवेल; ती छपाईची चूक होती, योजना नव्हती. गोंदियाच्या भातखाचरांतला सारसही असाच दुर्मीळ झाला. कोणी ठरवून नव्हे. दुसरी दुर्मीळता कारखानदार आधीच जाहीर करतो. ‘फक्त पन्नास नग, प्रत्येकावर क्रमांक.’ ओमेगाने चांद्रविजयानंतर १९६९ मध्ये सोन्याची १,०१४ क्रमांकित स्पीडमास्टर घड्याळे काढली. पहिला क्रमांक अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्यासाठी होता; भेटवस्तूच्या नियमामुळे त्यांनी तो घेतला नाही. क्वार्ट्झने वेळ स्वस्त केल्यावर किल्लीच्या घड्याळाच्या धंद्याला हाच मार्ग मोठा आधार ठरला. आपल्याकडेही २०२४ मध्ये टायटनने ‘जलसा’ नावाचे तुर्बियाँ घड्याळ, तबकडीवर हवामहलचे लघुचित्र काढून, १० नगांपुरते काढले; किंमत सुमारे ४० लाख रुपये. यंत्र खरोखर कौतुकास्पद आहे. परंतु ‘दहाच’ हा आकडा यंत्रशास्त्राने ठरवलेला नाही, विक्रीशास्त्राने ठरवला आहे, एवढे विद्यार्थ्यांना सांगायला हरकत नसावी.

तिसरे उत्तर म्हणजे वस्तूचा पूर्वेतिहास. गांधीजींचे खिशातले घड्याळ २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चष्मा, चपला, ताट-वाटी यांच्यासह निघाले आणि ते सर्व मिळून १८ लाख डॉलरला गेले. घड्याळ झेनिथचे, बऱ्यापैकी साधे. पैसे वस्तूचे नव्हते, खिशाचे होते.

आणि इतिहास लागला की खोटेपणा आलाच. जगभरच्या संग्राहकांत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे आणि तो कौतुकाचा नाही. मुंबईच्या बाजारातून जुनी फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड, एचएमटी, सेको घड्याळे परदेशी जातात. त्यांची तबकडी खरवडून भडक रंगात नव्याने छापलेली असते, काटे तिसऱ्याचेच असतात, मशीन चौथ्याचे. नाव कधी अशुद्ध लिहिलेले. तिकडचा संग्राहक याला फसवणूक म्हणतो, आणि नवे म्हणून किंवा अस्सल म्हणून विकले तर ती फसवणूक आहेच. पण दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. आपल्या दुरुस्ती करणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने घड्याळ ही चालवायची वस्तू. तबकडीला गंज चढला तर ती रंगवायची; चाक मोडले तर दुसऱ्या मेलेल्या घड्याळाचे बसवायचे. बाहेरचा सुटा भाग मिळत नसताना चार बंद घड्याळांतून एक चालू करणे ही लबाडी नव्हे, ते अभियांत्रिकी आहे. गिऱ्हाइकाला चालणारे घड्याळ हवे होते आणि त्याला ते मिळाले.

तरीही आम्ही संशोधक म्हणून एका बाबतीत संग्राहकाच्या बाजूचे आहोत. जुनी तबकडी हा पुरावा आहे. तिच्यावरचा छपाईचा ठसा, कारखान्याची खूण, उन्हाने पडलेला पिवळेपणा, हे सारे वस्तू कुठली, केव्हाची, कशी वापरली हे सांगते. रंग दिला की पुरावा गेला. शिलालेखावर डांबर फासण्यासारखेच ते. एचएमटी घड्याळे लाखांनी निघाली, पण मूळ तबकडी, मूळ काटे आणि मूळ मशीन एकत्र असलेले जुने घड्याळ आज शोधावे लागते. आपल्या जिल्ह्यातल्या कपाटांत ती असतील. त्यांना किती भाव येईल हा प्रश्न आम्हांला गौण वाटतो.

शाळेत अशी घड्याळे मागवून एक दिवस मांडता येतील. घड्याळाची पाठ पाहावी, अक्षरे व क्रमांक उतरवून घ्यावेत, कोणाचे, कुणी कधी दिले हे घरच्यांकडून विचारून लिहावे. किल्ली देऊन ते रेडिओच्या वेळेशी लावावे आणि २४ तासांनी चूक मोजावी. एकदा तबकडी वर करून, एकदा उभे ठेवून, एकदा थंड माठाशेजारी ठेवून मोजले तर ब्रेगे आणि गीयोम दोघांचेही प्रश्न वर्गात उभे राहतील.

एक सूचना मात्र काटेकोरपणे पाळावी. १९६० पूर्वीच्या अनेक घड्याळांच्या काट्यांवर व आकड्यांवर अंधारात चमकणारा लेप असतो. त्यात रेडियम असे. लेपातील जस्ताचे सल्फाइड काही दशकांत निकामी होते, त्यामुळे घड्याळ आता चमकत नाही आणि लोक समजतात की किरणोत्सर्ग संपला. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. त्याची मात्रा जवळजवळ होती तेवढीच आहे. न्यू जर्सीतील कारखान्यात ओठांनी कुंचल्याला टोक काढून तबकड्या रंगवणाऱ्या मुलींचे जबडे झिजून १९२० च्या दशकात त्या मरू लागल्या, तेव्हा हे जगाला कळले. बंद पेटीतले घड्याळ थोडा वेळ पाहण्याने अपाय होत नाही. ते उघडून लेप खरवडला आणि धूळ नाकातोंडात गेली तर होतो. तपकिरी-पिवळा, भुसभुशीत लेप दिसला तर ते घड्याळ मुलांनी उघडू नये आणि शिक्षकांनीही उघडू नये.